साप तेवढे राहू द्या

"बाबा, आणि मुलगी झाली तर?"

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा पत्रा आहे, आणि माझी गोष्ट या प्रश्नापासूनच सुरू होते. पॅरिसमधल्या आमच्या गल्लीत घरोघरी तांब्यावर चित्रं कोरून कागदावर छापत. राणीला दिवस गेले की राजपुत्राच्या जन्माचं चित्र आधीच कोरून ठेवायचं, म्हणजे जन्माची घंटा वाजताच विकायला काढता येतं. मुलीचं नाव काढणं अपशकुनाचं. पण मैत्रिणींनी पैज लावली, आणि पेरीनने आपल्या वडिलांना, जर्वे कारागिरांना, विचारलंच.

"जिभेला काही हाड?" आई म्हणाली.

बाबा हसले. "तर हा पत्रा वितळवायला तांबटाकडे, आणि तू चुलीपाशी."

काय माझा थाट होता तेव्हा. ढगांतून उतरणारी विजयदेवता, गाल फुगवून कर्णा फुंकणारी कीर्ती, आणि मधोमध पाळण्यात, ग्रीक कथेतल्या महावीराने पाळण्यातच केलं तसं, दोन्ही मुठींत साप आवळून धरलेलं उघडं बाळ, राजपुत्रच. शेजारीपाजारी मुद्दाम बघायला येत.

मग एके दिवशी घंटा वाजल्या, पण तोफा राजपुत्रासाठी वाजतात तितक्या न वाजता लवकरच थांबल्या. गल्ली काय समजायचं ते समजली. मुलगी झाली होती.

मी स्वयंपाकघरात गेलो. विजयदेवतेच्या डोक्यावर कोबीच्या सूपचं गरम पातेलं बसू लागलं. बाबा माझ्याकडे बघेनात. पेरीन मात्र येता-जाता पातेलं उचलून माझ्या रेघांवरून बोट फिरवी.

मित्रांनो, आता मी एका पेटीत पडून आहे. शाईचा वास शेवटचा कधी घेतला, आठवत नाही. कधी हाती लागलो तर मला पालथा करून बघा. बाळाच्या बरोबर मागे हातोडीचे बारीक खळगे दिसतील. ते घासून साफ करू नका. बिघडलेली वस्तू कुणीतरी मायेने सुधारली, त्याची ती खूण आहे.

तांबट मला न्यायला दारात आला, ती सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. पेरीनने मला छातीशी धरलं होतं.

"आई, बाबा, हा कुठेही जाणार नाही. हे बाळ मी खरवडणार, मागून ठोकून तांबं वर काढणार आणि तिथे मुलगी कोरणार. मीच."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तांबटाला हातानेच 'जा' म्हणाले.

"बरं बाई. पण त्या सापांच्या जागी फुलं घाल."

"नाही बाबा," पेरीन म्हणाली. "साप राहणार."