तिसरी मूठ
चौकोनी. करंगळीच्या नखाएवढं. चारही कडा सारख्याच धारदार, मधोमध बारीक स्क्रू. एक कड बोथट झाली की स्क्रू सैल करायचा, पातं जरा फिरवायचं, की पुढची कोरी कड हजर... कार्बाइडच्या पात्याचं हेच त्याला आवडायचं, दगडावर घासत बसावं लागत नाही. आणि आज ते चिमटीत धरून उजेडाकडे नेताना त्याच्या मनात आलं, की माणसाच्या हाताला अशा चार कडा असत्या तर — तर काय? एव्हाना चारही वापरून बसलो असतो.

पातं निसटलं आणि भुशात पडलं. ते त्यानं डाव्या हातानं शोधलं. हल्ली सगळं डावाच शोधतो, उजवा नुसता सोबत येतो, पाहुण्यासारखा.

हे पातं ज्याच्या टोकाला बसतं, त्या हत्यारानं काल दगा दिला होता. म्हणजे हत्यारानं नव्हे... पेनाची लाकडी नळी लेथवर फिरत होती, पातं टेकलं, आणि हातातला दांडा असा काही वळला की जणू कुणी हिसकावून घेतला. नळीच्या ठिकऱ्या उडाल्या. बावीस वर्षं पेनं कातणाऱ्या माणसाच्या हातून. ‘हत्याराची मूठच बारीक आहे,’ तो मोठ्यानं म्हणाला होता. खोलीत कुणी नव्हतं, तरी म्हणाला होता. मूठ बारीक होती म्हणूनच तर उन्हाळ्यात त्यानं नवी केली, दोन सूत, म्हणजे पाव इंच जाड. मग तीही बारीक वाटायला लागली म्हणून आणखी एक, आणखी दोन सूत. आता ही तिसरी.

नसांच्या डॉक्टरांनी कागदावर हाताचं चित्र काढून दाखवलं होतं. हे स्नायू जात आहेत, हळूहळू. थांबवायचं औषध नाही. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात. हे मुंगीच्या पावलांनी आलं, आणि जाण्याचं नाव नाही. बायकोला त्यानं सांगितलं, नस दबली आहे, होईल बरी. ती बरं म्हणाली आणि निबांचा डबा पुढ्यात ओढून बसली. तो पेन कातणार, ती पॉलिश करून क्लिप आणि निब बसवणार — ही वाटणी लग्नापासूनची. वडील हसायचे, ते पलंगाचे खांब कातणारे. “बोटाएवढ्या लाकडाला दोन-दोन माणसं?” म्हणायचे.

या वेळी अंदाजानं करायचं नाही, असं त्यानं ठरवलं. मापानं. भिजवलेली माती त्यानं हत्याराच्या लोखंडी दांड्याभोवती लपेटली आणि उजव्या मुठीत आवळली. दात-ओठ खाऊन आवळली, डोळे मिटून, खांद्यापर्यंत कळ जाईतो. हात काढला. अंगठा उमटला होता, तर्जनी उमटली होती, मधलं बोट थोडंसं. पुढे माती गुळगुळीत होती. कुणी हात लावलाच नव्हता जणू.

मी आवळलं होतं. पाचही बोटांनी आवळलं होतं मी...

“कणीक मळायला घेतलीत की काय?” बायको दारात उभी होती.

“मूठ करतोय. माप घेतलं.”

“परत?”

“आधीची बारीक झाली.”

ती आत आली, दांडा उचलून तिनं मातीचा गोळा फिरवून पाहिला. “करंगळी उमटलीच नाही,” ती म्हणाली. “तिच्या शेजारचंही.”

“माती वाळली होती.”

तिनं आपला अंगठा गुळगुळीत जागी टेकवला. तो सहज आत गेला. खोटं बोलू नका, म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं, असं त्याला वाटलं.

“दवाखान्यातून फोन आला होता,” ती मग म्हणाली. “पुढची तारीख सांगायला. तुम्ही आंघोळीला होतात. त्या बाईंना वाटलं, मला सगळं माहीत असेल.”

“कधी?”

“सव्वा महिना झाला.”

सव्वा महिना... रोज सकाळी साखरेच्या बरणीचं झाकण तो उजव्या हातानं उघडायचा, चोरून परीक्षा दिल्यासारखं. रोज उघडायचं, आणि त्या एका झाकणावर तो दिवस काढायचा: अजून आहे, अजून आहे जोर.

“झाकण तू सैल करून ठेवतेस.”

तिनं मान खाली घातली.

त्यानं पाठ फिरवली. अक्रोडाचा ठोकळा लेथच्या पकडीत, चकमध्ये आवळला. दांड्यासाठी भोक कालच पाडून ठेवलं होतं. वडिलांची लांब पटाशी काखेत दाबून धरली, कोपर पोटाशी रोवलं आणि लेथ सुरू केला. मूठ करायला हाताची मूठ लागत नव्हती, एवढी एक गंमत उरली होती. भुसा उडत राहिला, कोपरे गेले, लाकूड गोल झालं. पहिल्या दोन्ही मुठी त्यानं त्या-त्या दिवसाच्या हातासाठी केल्या होत्या आणि दर वेळी हात पुढे निघून गेला होता, खाली, उतारानं. आता किती जाड ठेवायची? आजच्या हाताएवढी? की हार मानून अजून न आलेल्या हाताचं माप आजच घ्यायचं...

त्यानं लेथ थांबवला. जाडी मोजायला कॅलिपर उचलला, पण त्याची टोकं लाकडावर नीट बसेनात.

“मी लावते,” ती म्हणाली.

नको, म्हणायला त्यानं तोंड उघडलं. त्याला संताप आला होता — हिनं सव्वा महिना आपल्याला लहान मुलासारखं जिंकू दिलं, बक्षीस दिल्यासारखं झाकण दिलं. एकट्यानं घाबरायची जी एक जागा होती, तीही हिनं काढून घेतली. तिनं कॅलिपर घेतला, लाकडाला लावला, वाकून आकडा पाहिला.

“दीड इंच, वर एक सूत,” ती म्हणाली. “आणखी काढायचं?”

तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. तीही घाबरली होती. बहुधा सव्वा महिना घाबरलेलीच होती, पलीकडच्या खोलीत, निबांचा डबा पुढ्यात घेऊन. भीती त्यामुळे तसूभरही कमी झाली नाही. उलट ती मोठी झाल्यासारखी वाटली, दोघांना पुरेल एवढी. पण बायको कॅलिपर धरून उत्तराची वाट पाहत होती, आणि तिनं इथून जाऊ नये असं त्याला वाटत होतं, संतापासकट.

“माहीत नाही,” तो म्हणाला. आणि हे आपण गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच म्हटलं, हे त्याला ते ऐकल्यावर कळलं.