तिने एकही गोळी चुकवली नव्हती

हो, मीच बोलतेय. निळ्या झाकणाची, पांढरी, प्लास्टिकची गोळ्यांची बाटली. एरवी मी नुसती खुळखुळते. पण आता पोटात एकही गोळी उरलेली नाही आणि राग मात्र काठोकाठ भरलाय, म्हणून बोलते.

मला भरलं सिन्नरकडच्या एका कारखान्यात. पोटात सहा-सात महिने पुरतील एवढ्या एचआयव्हीवरच्या गोळ्या घातल्या, तोंडावर चंदेरी पापुद्रा चिकटवला आणि जहाजावर चढवलं. पुढची सगळी हयात आफ्रिकेतल्या लेसोथोच्या डोंगरात गेली, त्यामुळे मी स्वतःला इथलीच समजते.

इथल्या क्लिनिकच्या खिडकीतून मी माकाबेलोच्या हातात पडले. माकाबेलो म्हणजे काबेलोची आई. काबेलो तेव्हा चार महिन्यांचा पोटात होता, पण इथे सून घरात आली की सासरची माणसं लगेच तिला होणाऱ्या पहिल्या लेकराची आई करून मोकळी होतात. लग्न झाल्यापासून बिचारी नसलेल्या मुलाच्या नावाने ओ देत होती. आता तो खरंच येणार होता. माझं काम एवढंच, की तिच्या रक्तातला विषाणू असा दाबून ठेवायचा की तो त्या लेकरापर्यंत पोचूच नये.

आणि हे काम माझ्या आधीच्या बाटल्यांनी चोख केलं होतं. गेल्या वर्षीच्या तपासणीत तिच्या रक्तात विषाणू सापडलासुद्धा नव्हता.

त्याच दिवशी शेजारच्या खिडकीतून, गरोदर बायकांना देतात तशा, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही तिला मिळाल्या. दोन खिडक्या, मध्ये एक भिंत. ह्या खिडकीने त्या खिडकीला काही विचारलं नाही.

घरी सासू, मालिनेओ. ती स्वतः कित्येक वर्षं ह्याच आजाराच्या गोळ्या खातेय आणि ठणठणीत आहे, त्यामुळे गावातली अर्धी डॉक्टरच.

"हे बघ पोरी, औषध आधी, पोट नंतर," ती म्हणाली. "सगळं एकदम घशाखाली घालायचं. एक आता, एक मग, असं करत बसलीस की विसरलीस म्हणून समज."

माकाबेलो गुणी सून. रोज सकाळी उठायची, आंबील अजून चुलीवर असायची, तोवर तिन्ही गोळ्या मुठीत घेऊन एका घोटात गिळायची. एक दिवस चुकवला नाही. पाहुणे आले तरी नाही, उलट्यांनी बेजार झाली तरी नाही. आणि मी फळीवरून नुसती बघत होते! उपाशीपोटी ते लोह आणि तो कॅल्शियमचा चुना माझ्या गोळीला पोटातच धरून बसायचे, रक्तात जाऊ द्यायचे नाहीत. मला ठाऊक होतं. पण बाटलीला तोंड असतं ते उघडण्यापुरतं.

मग व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती ते सांगणारा आकडा, आला. थेट हजारांत चढलेला.

क्लिनिकमधल्या सिस्टर मोलिएहीने तिला समोर बसवलं. माझं झाकण उघडून गोळ्या मोजल्या. उरायला हव्यात तेवढ्याच उरलेल्या. तरी म्हणते कशी, "हुशार आहेस. मोजून फेकतेस वाटतं?"

"मी घेते, सिस्टर. रोज घेते."

"सगळ्या असंच म्हणतात. रक्त खोटं बोलत नाही, बाई. पोटातल्या जिवाची तरी दया कर."

मग समुपदेशन. म्हणजे दर खेपेला तेच प्रवचन. गजर लावा, नवऱ्याला आठवण करायला सांगा, लेकराचा विचार करा. कशी घेतेस, कधी घेतेस, कशाबरोबर घेतेस, असं एकीने विचारलं असेल तर शपथ! माझा नुसता संताप संताप व्हायचा.

घरीही सासू पदरात निखारा ठेवल्यासारखी तिच्यावर नजर ठेवू लागली. तोंड उघडायला लावून जिभेखाली बघायची. माकाबेलो चुलीपाशी बसून पोटावर हात ठेवायची आणि म्हणायची, "मीच काहीतरी करत असेन रे बाबा. पण काय करतेय?" ते ऐकवत नव्हतं.

सातव्या महिन्यात सिस्टर म्हणाली, "आता औषध बदलायला राजधानीला पाठवावं लागेल. तिथे तरी फेकू नकोस."

माकाबेलो पहाटेपासून डोंगर उतरून आली होती, उपाशी. तिने अंगावरच्या घोंगडीतून मला काढलं, लोह-कॅल्शियमच्या त्या दोन्ही बाटल्या काढल्या आणि टेबलावर आदळल्या.

"बघायचंय ना? बघा!"

तिन्ही गोळ्या मुठीत घेतल्या, मूठ तोंडाशी नेली. सिस्टरने झडप घालून तिचं मनगट धरलं.

"हे सगळं एकदम घेतेस?"

"मग? तुम्हीच दिलंत ना सगळं?"

"काही न खाता?"

"औषध आधी, पोट नंतर."

सिस्टरचा चेहरा खर्रकन उतरला. मग म्हणाली काय, तर, "अगं, हे आधी सांगायचं नाही का!"

"तुम्ही विचारलंत कधी?" माकाबेलो म्हणाली. आणि रडली.

उपाय काय होता? हसाल. माझी गोळी सकाळी, त्या दोन्ही रात्री जेवल्यावर. बस्स. सासू ऐकून फणकारली, "आमच्या वेळच्या गोळ्यांना असले चोचले नव्हते." पण रात्रीच्या गोळ्या तीच हातावर देऊ लागली, आणि जीभ बघायची बंद झाली.

बाळंतपणाआधी रक्तात विषाणू पुन्हा सापडेनासा झाला. काबेलो आला. त्याच्या टाचेतून रक्त घेतलं, निकाल यायला लागले तेवढे दिवस सासू-सुना धड जेवल्या नाहीत. विषाणू नाही!

तो निकाल सांगून सिस्टरने काबेलोला उचललं आणि बाकावरच्या सगळ्या बायकांना दाखवलं. "बघा! माकाबेलो सुधारली, नीट गोळ्या घ्यायला लागली, म्हणून हे दिवस दिसले."

मी पिशवीत रिकामी पडले होते, कचऱ्यात जायला निघालेली. आता झाकणच उडेल असं वाटलं मला.

"मी सुधारले नाही, सिस्टर," माकाबेलोने लेकरू परत घेतलं. "मी पहिल्यापासून नीटच घेत होते. सुधारलात त्या तुम्ही."

बायका फिसकन हसल्या. एक हसली नाही. कोपऱ्यातली, हातात माझ्यासारखीच बाटली आवळून बसलेली. ती हळूच उठून उभी राहिली.

"सिस्टर, माझाही आकडा चढलाय. मलाही विचारा ना, मी कशी घेते ते."

विचारा हो तिला. मी चालले.