वस्तऱ्याखालचा होकार

नवरा गेला आणि मी भावाकडे राहायला आले, त्याच वर्षी भाचीला अकरावीचे विषय निवडायचे होते. तिला भूगोल हवा होता, तिच्या बापाला गणित.

भाऊ न्हावी. दुकान घराच्या पुढच्या खोलीत. पडद्याआड मी टॉवेल धुवायची, त्यामुळे सगळं कानावर पडायचं.

"साहेब, पोरीनं गणितच घ्यावं ना?" गिऱ्हाइकाची हनुवटी वर करून भाऊ विचारायचा.

"अं," गिऱ्हाईक म्हणायचं.

"ऐकलंस ताई? बँकेचे साहेबसुद्धा हेच म्हणतात!"

गळ्यावर वस्तरा असताना माणूस दुसरं काय म्हणणार? एरवी जगाला अक्कल शिकवणारे हे लोक त्या खुर्चीत बसले की नुसते हुंकार देत. त्या हुंकारांवर माझा शहाणा भाऊ पोरीचं आयुष्य ठरवत होता. जन्मभर लोकांची डोकी हाताळली, पण डोक्यात काय असतं याचा पत्ता नाही.

"अरे, वस्तरा खाली ठेव आणि मग विचार," मी एकदा म्हटलं.

"तुला काय कळतंय? दाढी झाल्यावर सगळ्यांनाच तोंड फुटतं."

भाची दारात उभी होती. तिनेही ते ऐकलं.

"बाबा, मला भूगोल आवडतो."

"अगं, डोंगर कुठे आहेत ते डोंगरांना ठाऊक आहे. तू सांगून ते हलणार आहेत का?"

"हलतात बाबा. अजूनही हलतायत."

"घ्या! डोंगर हलतायत म्हणे!" असं म्हणून भावाने वस्तरा उचलला आणि गिऱ्हाइकाला हसायला जागा करून दिली. तेही लाचार हसलं.

मला अक्षरं शिकवली ती या पोरीने, भिंतीवरच्या तिच्या नकाशावर. तेव्हा माझी पन्नाशी उलटलेली. पहिला शब्द वाचला तो एका नदीचं नाव होता. नदी वळेल तशी अक्षरंही वळलेली. लोक सरळ ओळीत लिहितात, हे मला नंतर कळलं.

गणित ठरलं त्या दिवशी भावाने तो नकाशा उतरवला, त्याचे चौकोन कापले आणि वस्तऱ्यावरचा फेस पुसायला खुर्चीपाशी अडकवले.

"जाड कागद आहे, मस्त पुसतो," म्हणाला.

भाची गणितात पास झाली. आता वीजबिलाच्या खिडकीत बसते.

पुढे भावाचे हात कापू लागले आणि त्याने अंथरूण धरलं. दाढी वाढली, तरी परक्याचा वस्तरा नको म्हणून हटून बसला. शेवटी भाचीनेच फेस लावला, एक गाल साफ केला आणि गळ्यापाशी वस्तरा टेकवला.

"बाबा, भूगोल घेऊ द्यायला हवा होता ना?"

"अं... हो."

तिने वस्तरा मिटून खिडकीत ठेवला. हात पुसले.

"आता सांगा."

भावाने तोंड भिंतीकडे फिरवलं. एका गालावर फेस तसाच वाळत होता. मग तिने त्याची हनुवटी धरून चेहरा हलकेच आपल्याकडे वळवला, पुन्हा फेस लावला आणि उरलेली दाढी केली. कुठेही कापलं नाही.

माझा भाऊ त्याच आठवड्यात वारला, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी.