तांदळाचं धुवण

पोटच्या पोराने इंग्लंडातल्या रीडिंग शहरातली चांगली नोकरी सोडावी, चीनच्या डोंगराळ खेड्यांतून वर्षभर भटकावं आणि तिथून शिकून काय यावं, तर तांदळाचं धुवण आंबवायला! नुसतं आठवलं तरी अलकाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिच्या माहेरी धुवण कढीपत्त्याच्या झाडाला घालत. इथे लंडनच्या एजवेअरला ते आठवडाभर तिच्या काचेच्या कन्झर्व्हेटरीत, तिच्या ऑर्किडच्या शेजारी, बरणीत बसलं होतं. अनय रोज सकाळी झाकण उघडून त्यात नाक खुपसायचा आणि खूश होऊन यायचा.

"आज कसं आहे तुझं बाळ?" ती विचारायची.

"आई, मस्त आंबट झाली आहे."

"झालंय. धुवण ते. ती नाही."

इथेच जन्मलेल्या पोराचं मराठी ते. कुठलीही वस्तू त्याला बाई वाटायची नाहीतर पुरुष, आणि अलका आयुष्यभर त्याच्या शब्दांची लिंगं दुरुस्त करत आली होती.

आज संध्याकाळी त्याचं विमान होतं. महिनाभर राहून तो परत चीनच्या त्याच गुइझो प्रांतात निघाला होता. वू नावाच्या कोणा म्हातारीच्या घरी तो स्वयंपाक शिकला होता, आता तिच्याच गावात पाहुण्यांसाठी खाणावळ चालवणार होता. अलकाला त्याने जायला नको होतं. नवरा गेल्यापासून या घरात तिच्याशी बोलायला रेडिओ होता आणि कचऱ्याची बिनं कधी बाहेर ठेवायची ते सांगणारी शेजारीण. पण 'थांब' म्हणायचं वळण तिच्या जिभेला नव्हतं. टोमण्यांचं होतं, आणि तेच ती महिनाभर मुक्तहस्ताने वाटत होती.

शेवटचा उपाय म्हणून तिने जुन्या ओळखीतल्या नंदू आणि शिल्पा या जोडप्याला दुपारी जेवायला बोलावलं. नंदू रीडिंगला मोठ्या हुद्द्यावर, अनयची आधीची नोकरी त्यानेच लावून दिलेली. नंदूबद्दल अलकाचं मत फार पूर्वीच झालं होतं आणि ते चांगलं नव्हतं. पण गरज पडली की माणूस नंदूलासुद्धा पान वाढतो. नंदू नोकरी देऊ करेल, शिल्पा त्या धुवणाला नाक मुरडेल, दोघं मिळून पोराची हवा काढतील, असा तिचा साधा हिशोब होता.

नाक मुरडण्यात शिल्पाने कसूर केली नाही.

"अय्या, मंचुरियन नाही केलंस?" तिने टेबलावर शेगडीवर ठेवलेल्या पातेल्यात डोकावत अनयला विचारलं. धुवणाच्या पांढुरक्या आंबट साराला उकळी फुटत होती, त्यात माशाचे तुकडे हलत होते.

"शिल्पामावशी, तिकडे मंचुरियन कोणालाच माहीत नाही."

"मग कसलं रे ते चायनीज?"

"मी शांघायला गेलो होतो कॉन्फरन्सला," नंदू म्हणाला. "चार दिवस थेपल्यांवर काढले. नो रिस्क." हे त्याने अशा सुरात सांगितलं की जणू एव्हरेस्टच चढून आला होता. मग त्याने सार चाखलं, पाणी प्यायला, भाजक्या मिरचीच्या वाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "हा तर आपला ठेचा! एवढ्यासाठी चायना? कराडला जायचंस की."

शिल्पा खो खो हसली. अनयही हसला. "हो काका, ठेचाच आहे. वू आजीला पण मी तेच सांगितलं."

अलकाच्या पुढ्यातला वाडगा तसाच होता. मला भूक नाही, असं तिने आधीच जाहीर केलं होतं. पोराचा पाणउतारा उपाशीपोटी बघायची तिची तयारी होती. पण आता तो सुरू झाला तर तिला मजा येईना. 'मेल्यांनो, थेपले खाऊन चीन बघणारे तुम्ही, तुम्ही त्याला हसता?' असं तिच्या अगदी ओठावर आलं. मग तिला आठवलं, यांना बोलावलं कोणी!

"हे बघ अनय," नंदूने नॅपकिनला तोंड पुसलं, "टीममध्ये एक जागा आहे. मी शब्द टाकतो. हे कुकिंग वगैरे वीकेंडला कर की. हॉबी म्हणून छान आहे."

"थँक यू काका. खरंच. पण नाही."

"विचार तरी कर."

"केली विचार. खूप केली."

"केला," अलका म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

मग नंदूला एमफोर हायवेवरचं ट्रॅफिक आठवलं. भात अर्धा टाकून तो उठला, पाठोपाठ शिल्पा उठली, आणि दारात दोघांनी मिळून "किती वेगळं होतं ना सगळं!" अशी पावती दिली. अनय त्यांना पोचवून आला. त्याची बॅग जिन्यापाशी तयार होती. तरी तो येऊन आईसमोर बसला.

"तू जेवली नाहीस."

"तुझी टॅक्सी येईल. आवर तू."

"वू आजीच्या घरात रूल आहे. एक जण पण खात असला ना, तर कोणी उठायचं नाही. तू जेव, मग मी उठणार."

"मोठी आली वू आजी," अलका पुटपुटली आणि वाडगा पुढे ओढला.

ती जेवायला लागली तशी झपाझप जेवायला लागली. हॉस्पिटलमध्ये भूल देण्यात तिची हयात गेली होती. खिशातल्या पेजरचा ब्लीप कधी वाजेल याचा नेम नसायचा, म्हणून उभ्याउभ्या चार घास कोंबायची सवय लागली, ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही. सार आंबट होतं, तिखट होतं, आणि मेलं चांगलं होतं. याचाच तिला जास्त राग आला. ती आणखी भराभर भुरकायला लागली.

अनय बघत होता. "मान मान छ्र," तो म्हणाला.

"काय?"

"तिकडे जेवताना म्हणतात. म्हणजे... हळू हळू खा. रोज म्हणायची आजी. मला आधी वाटली, मी खूप हावरट खातो म्हणून टोकते. नंतर कळलं की प्रेमाने म्हणतात."

"हळू हळू खा काय," अलका नेहमीच्या तोऱ्यात म्हणाली. "त्याला आपण 'सावकाश होऊ द्या' म्हणतो."

अनयने तो शब्द मनात फिरवून बघितला. "सावकाश होऊ द्या. छान आहे." मग अगदी सहज त्याने विचारलं, "आपण म्हणजे कोण म्हणतो, आई?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर अलकाने परतवला असता, त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने आठवून पाहिलं. तिची आई म्हणायची. सगळ्यांचं होईपर्यंत तिच्या माहेरी पानावरून कोणी उठायचं नाही. आणि या घरात? या घरात 'आटप' होतं. आटप, ड्यूटी आहे. आटप, क्लास आहे. शाळेतून क्लासला जाताना गाडीच्या मागच्या सीटवर तो मांडीवर डबा घेऊन गिळत असायचा, आणि आरशात बघून ती म्हणायची, आटप. लिंगं तेवढी तिने चोख शिकवली.

लाज वाटली तिला. सरळसरळ लाज वाटली.

बाहेर टॅक्सी येऊन थांबली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. अनयने खिडकीकडे पाहिलं, पण तो उठला नाही. रूल म्हणजे रूल. अलकाच्या वाडग्यात तळाला दोन घास उरले होते. तिच्या वेगाने ते केव्हाच संपले असते. तिने चमचा खाली ठेवला. एक शीत उचललं, तोंडात टाकलं आणि चावत बसली.

"आई, टॅक्सी."

"दिसली मला." तिने वाडगा पुढे केला. "वाढ अजून."

आयुष्यात तिने कधी दुसऱ्यांदा घेतलेलं त्याने पाहिलं नव्हतं. त्याने पळी हातात घेतली. "थोडी?"

"थोडी नाही, थोडं," अलका म्हणाली. "आणि थोडं नको. भरपूर वाढ. मासा पण घाल."

हॉर्न पुन्हा वाजला. अनयने वाडगा काठोकाठ भरला आणि समोर बसून राहिला. माशाला काटे फार होते. अलका एकेक काटा निवडून ताटलीच्या कडेला ओळीने लावत होती, आणि आज तिची काट्यांबद्दल काहीही तक्रार नव्हती.