शेवटच्या पाण्याच्या टेबलाशी

सत्काराचा कोट घेऊन चॅम्पियन स्वतः धाकट्या भावाच्या लॉन्ड्रीत आला, तेव्हाच भावाच्या बायकोने, धाकटीने, ओळखलं की मोठ्या भावोजींचं काम इस्त्रीचं नाही. कोट पोचवायला त्यांच्याकडे माणसं होती.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत धाकटा त्याचा पेसर असायचा. पेसरने पुढे पळायचं, वेग बांधून द्यायचा, समोरचा वारा छातीवर झेलायचा आणि शेवटच्या पाण्याच्या टेबलाशी मुकाट बाजूला व्हायचं. मग थोरल्याने ताज्या दमाने सुटायचं. घरचा पेसर म्हणजे भाजीतलं मीठ. बरोबर पडलं की कोणी नाव काढत नाही. भिंतीवरच्या पदकांत धाकट्याचा वाटा किती, हे विचारायचं थोरल्याला कधी सुचलं नाही आणि सांगायचं धाकट्याला.

"उद्या स्टेजवर माझ्या शेजारी बस," चॅम्पियन म्हणाला.

"आणि इथले कपडे कोण, तुझे पाहुणे करणार?" धाकट्याने बाहीवर पाणी शिंपडलं. "दादा, पोट सुटलंय तुझं. हार घालेपर्यंत श्वास धरून ठेव, नाहीतर बटण उडून पाहुण्यांना लागेल."

चॅम्पियन हसला नाही. "खरं सांग. त्या शेवटच्या शर्यतीत तुझ्यात किती दम उरला होता?"

त्या शर्यतीत बाकीचे सगळे मागे पडले होते. थोरला धापा टाकत होता, पुढे धाकटा पाखरासारखा चालला होता. टेबल आलं, थोरला नेहमीसारखा ओरडला, "हो बाजूला!" आणि हा झाला. पुढे पुलावरच्या वाऱ्याने थोरल्याला मोडलं, सुवर्णपदक कोणा परक्याच्या गळ्यात गेलं. पेसरलाही शेवटपर्यंत पळायची मुभा असते, हे रस्त्याकडेच्या बघ्यांनाही ठाऊक होतं. या दोघांनाच आठवलं नाही.

"संपलो होतो रे," धाकटा मान वर न करता म्हणाला. "पायांची लाकडं झाली होती."

वर्षानुवर्षं हेच उत्तर होतं. त्याच उशीवर चॅम्पियन झोपत आला होता.

"काहीतरीच!" कपडे निवडता निवडता धाकटी म्हणाली. "त्या दिवशी बस चुकली, तर पिशवी पाठीला बांधून हे घरापर्यंत पळत आले होते. वर बादल्या भरून जिना चढले. मी विचारलंसुद्धा, शर्यत रद्द झाली की काय?"

इस्त्री कोटावर जरा जास्त टेकली. कॉलरवर चकाकी उठली.

"बोलला का नाहीस?" चॅम्पियनने विचारलं.

"तू बाजूला हो म्हणालास. झालो. आपलं तसंच ठरलं होतं ना?"

धाकट्याने कोट हँगरला लावला, दुखऱ्या गुडघ्याच्या भावाला सोडायला तो रस्त्यावर आला. वारा सुटला होता. सवयीने तो दोन पावलं पुढे चालू लागला, कोपऱ्यावर पोचताच सवयीनेच बाजूला झाला.

"चल की पुढे," चॅम्पियन म्हणाला. "घरापर्यंत तरी."

"दुकान उघडं आहे, दादा."

तो वळला. चॅम्पियन कोट छातीशी धरून तिथेच उभा राहिला. समोरून वारा येत होता.