भिंतीवरचा थर्मामीटर

पारेबाईंनी पिशवीतून लाकडी फूटपट्टी काढली आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कागदांवर आडवी धरली. पट्टीच्या कडेला दोन्ही कागदांवरची एकच ओळ उरली : प्रवासखर्च.

"मावशी, पट्टी कशाला?" तिकिटे काढून देणारा माणूस म्हणाला. "मला दिसतंय की."

"ओळ चुकली की माणूस भलत्याच गावी पोचतो. आता सांगा. प्रवास तोच, महिना तोच. थोरलीच्या शहराचं भाडं या कागदावर एवढं, आणि त्या कागदावर जवळजवळ निम्मं. धाकट्याच्या शहराचं बरोबर उलटं. यातलं खरं कुठलं?"

त्या माणसाने चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद जवळ ओढले. एकीकडे बर्फ, एकीकडे समुद्र. जगाच्या नकाशावर दोन्ही शहरांना ठळक ठिपके मिळाले होते, आणि बाईंचे एकेक अपत्य दोन्हींच्या वाट्याला आले होते.

"एक फ्रीज, एक भट्टी," तो म्हणाला. "पोरांनी जग छान वाटून घेतलंय तुमच्या."

बाई हसल्या नाहीत. त्या आकड्याची वाट पाहत होत्या. एकतीस वर्षे त्यांनी वेधशाळेत नोंदी घेण्याचे काम केले होते. आवारातल्या हिरवळीवर पांढऱ्या झडपांची एक लाकडी पेटी चार पायांवर उभी असे. ठरलेल्या वेळी तिचे दार उघडायचे, पारा डोळ्यांच्या रेषेत आणायचा, श्वास रोखायचा आणि आकडा लिहायचा. आडनाव वेगळे असूनही सगळे त्यांना पारेबाई म्हणू लागले, आणि खरे आडनाव पुढे केवळ निवृत्तिवेतनाच्या कागदावर उरले.

मागच्या हिवाळ्यात त्या न्हाणीघरात घसरून पडल्या. मनगट जुळून आले. पण पडण्याची वार्ता मनगटापेक्षा वेगाने दोन खंडांत पसरली होती. आईने एकटे राहू नये, यावर मुलांचे तत्काळ एकमत झाले. घर विकले गेले. महिनाअखेर किल्ली द्यायची होती, म्हणजे आजपासून अकरा दिवसांनी. आईने कुठे राहावे एवढाच किरकोळ प्रश्न उरला होता, आणि तो सोडवायला मुले गेल्या रविवारी दोन चौकोनांत पडद्यावर आली होती.

"आई, तू माझ्याकडे आलीस तर मला हवंच आहे गं," थोरली म्हणाली होती. "पण इथे चार महिने धड सूर्य दिसत नाही. तुझे गुडघे! मला तुझ्या गुडघ्यांची काळजी वाटते."

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?" धाकटा म्हणाला. "ताईकडे घरभर हीटर, खाली लिफ्ट. इथे काय आहे? नुसती दमट हवा. तुझा श्वास, आई..."

"माझ्या श्वासाला काही झालेलं नाही."

"होऊ नये म्हणूनच म्हणतोय ना."

"बाळ्या, तुझ्याकडे समुद्र आहे. लोक पैसे मोजून येतात तिथे हवापालटाला."

"येतात ना, ताई. आणि परत जातात."

तिघेही हसले. हसण्याच्या भरात बाई म्हणाल्या, "लहानपणी शेवटच्या घासासाठी भांडायचात, तसं चाललंय तुमचं." उपमा तोंडातून गेल्यावर तिच्यातला फरक त्यांना जाणवला, आणि तहान नसताना त्या पाणी प्यायला उठल्या.

परत येऊन बसल्या तेव्हा दोन्ही चौकोनांतून एकाच वेळी आवाज आला, "निर्णय तुझाच हं, आई."

निर्णय तुझाच. ज्याला दारातून आत घ्यायचे नाही, त्याच्या हाती दाराची किल्ली द्यावी आणि कुलूप मात्र दुसऱ्याच्या घराला लावावे, इतकी सभ्य तजवीज माणसाने भाषेत फार पूर्वीच करून ठेवली आहे.

"तूच सांगायचीस ना, मनाला विचारू नका, आकड्यांना विचारा?" थोरली म्हणाली. "आम्ही एकेक तक्ता पाठवतो. दोन शहरं, हवामान आणि खर्च. तू ताडून बघ."

तक्ते सोमवारीच आले. बाईंनी पेन्सिलीला टोक केले आणि तासाभरात दोन्ही उलगडले. थोरलीने स्वतःच्या शहराला शंभर वर्षांतल्या सर्वांत कडाक्याच्या रात्रीची थंडी दिली होती, आणि भावाच्या शहराला वर्षाची सरासरी. धाकट्याने स्वतःच्या शहराची आर्द्रता पहाटेची घेतली होती, बहिणीच्या शहराची दुपारची. पहाटेची हवा जगात बहुतेक ठिकाणी ओलीच असते. एकही आकडा खोटा नव्हता. फक्त बैलाला घोड्याशी जुंपले होते. बाईंनी समासात लहान फुल्या मारल्या. मुलांच्या गृहपाठावर त्या अशाच फुल्या मारत, तेव्हा थोडा रागही येई. आज आला नाही. पद्धत ओळखीची होती.

भाड्याची ओळ मात्र त्यांना उलगडली नाही. बाईंनी आयुष्यात कधी विमानाचे तिकीट काढलेले नव्हते. म्हणून आज त्या या दुकानात आल्या होत्या.

"मावशी," तो माणूस म्हणाला, "दोन्ही खरे आहेत."

"दोन्ही कसे खरे असतील?"

"हे बघा." त्याने पेन उलटे धरून टोकाने आकडे दाखवले. "ताईंच्या कागदावर त्यांच्या स्वतःच्या शहराचं भाडं जाऊन-येऊन आहे. भावाच्या शहराचं नुसतं जायचं. आणि दादांच्या कागदावर... इथे त्यांनी स्वतःकडचं जाऊन-येऊन धरलंय, आणि ताईंकडचं..."

पेन तिथेच थांबले. मग त्याने कागद एकावर एक ठेवले आणि त्यांच्या कडा उगाचच सारख्या केल्या.

"घाईत होतं असं," तो म्हणाला. "माझ्याकडे रोज येतात लोक, चुकीचा रकाना बघून."

"घाईत नाही होत," बाई म्हणाल्या. "त्यांना रकाने बघता येतात."

"मग काय करू? कुठलं काढू?"

"राहू द्या."

"तिसरं काही ठिकाण आहे का मनात? असेल तर बघतो. कुठलंही सांगा."

"एक आहे," फूटपट्टी पिशवीत ठेवत बाई म्हणाल्या. "पण तिथे विमान जात नाही."

घरी सामानाची खोकी भिंतीला लागून रांगेत उभी होती. प्रत्येकावर मजकूर लिहिलेला होता. पत्ता एकावरही नव्हता. बाईंनी चप्पल काढली, पंखा लावला, आणि 'नोंदवह्या' असे लिहिलेल्या खोक्याची चिकटपट्टी सोलली. खाली, तळाशी, एक पोस्टकार्ड होते. कुठे आहे हे त्यांना ठाऊक होते. तेहतीस वर्षांत ते हरवावे म्हणून त्यांनी काही केले नव्हते आणि सापडावे म्हणूनही नाही.

तेहतीस वर्षांपूर्वी त्यांची आई गेली आणि नाना, म्हणजे त्यांचे वडील, त्यांच्याकडे राहायला आले. वेधशाळेमागे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते, पाळ्यांची नोकरी, दोन शाळकरी मुले, बदलीच्या गावी असलेला नवरा. नाना रात्री खोकत. नऊ आठवडे झाले तेव्हा बाईंनी जेवणाच्या टेबलावर एक तक्ता केला : आपले शहर आणि थोरल्या भावाचे, दादाचे, गाव. तीस वर्षांच्या सरासऱ्या, आर्द्रता, धुके, खोकल्याला मानवणारी कोरडी हवा. एकच वेळ एकाच वेळेशी ताडलेली, सरासरी सरासरीशी. त्यांत आजही कुणाला फुली मारता आली नसती. रेघा बारा वर्षांच्या थोरलीने आखल्या होत्या, याच फूटपट्टीने, आणि धाकटा शेजारी बसून आकडे मोठ्याने वाचून दाखवत होता. दादाच्या घरी मोकळी खोली एकच आहे, ती माडीवर आहे आणि तिच्यावर पत्रा आहे, हे बाईंना माहीत होते. तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

दादाने उत्तर पाठवले होते : तक्ता मिळाला. नानांना गाडीत बसवून दे.

निघताना बाईंनी नानांच्या पिशवीत एक छोटा थर्मामीटर घातला. पितळी पट्टीवरचा, भिंतीला टांगायचा. "अधूनमधून कळवत जा हं, नाना," त्या म्हणाल्या होत्या, आणि त्यांना तो मायेचाच उद्योग वाटला होता.

पहिल्या उन्हाळ्यात हे कार्ड आले. त्यावर खुशाली नव्हती. नानांच्या शाळामास्तरी अक्षरात एकाखाली एक सात तारखा होत्या, प्रत्येकीपुढे 'दुपारी ३' आणि एक आकडा. आकडे वाचून कुणीही पहिल्या गाडीने निघाले असते. खाली एकच ओळ : तुझा तक्ता बरोबर आहे. ही खोली त्यात नाही.

बाई निघाल्या नाहीत. त्यांनी उत्तर लिहिले. भिंतीवर टांगलेल्या थर्मामीटरची नोंद ग्राह्य धरत नाहीत. भिंत तापलेली असते. थर्मामीटर जमिनीपासून चार फुटांवर, सावलीत, पांढऱ्या झडपांच्या पेटीत असावा लागतो. अशा पेटीतली तुमच्या गावची नोंद आमच्याकडे रोज येते आणि ती सरासरीइतकीच आहे. काळजी नसावी.

शास्त्राच्या दृष्टीने पत्रातला शब्दन् शब्द अचूक होता. माणसे एकमेकांना मारायला हत्यारे वापरतात असा एक अडाणी समज आहे. सुशिक्षितांना त्याची गरज पडत नाही.

त्यानंतर नानांनी आकडे कळवले नाहीत. दुसऱ्या उन्हाळ्यात ते गेले. दादाने तार केली, तीत तारखेबरोबर वेळही घातली : दुपारी साडेतीन. तारेत शब्दाला पैसे पडत. दादाने ते का मोजले, हे बाईंनी त्याला कधी विचारले नाही. बहीणभाऊ वर्षातून दोनदा एकमेकांशी प्रकृतीबद्दल बोलत, आणि बोलणे संपले की दोघांनाही हायसे वाटे.

कार्ड मांडीवर ठेवून बाईंनी फोन लावला. घड्याळात तीनला दहा मिनिटे होती. बऱ्याच वेळाने पलीकडून कुणीतरी घसा साफ केला.

"दादा, मी."

"तू होय! आज कशी? दिवाणखान्यात येईपर्यंत दम लागला बघ मला. घर विकलंस असं कानावर आलं."

"विकलं."

"मग आता कुठे? लेकीकडे की लेकाकडे?"

"दोघांनी तक्ते पाठवलेत."

दादा हसू लागला, कोरडे, बारीक हसणे, आणि त्या हसण्याचा मध्येच खोकला झाला. तो थेट नानांचा खोकला होता.

"घराण्याची विद्या," तो म्हणाला. "जाऊ दे. पोरं आहेत. मी तरी कुठे काय बोललो तेव्हा? खोली माझी होती. पत्रा बदलायचा, बदलायचा म्हणत दोन उन्हाळे काढले. पुढे बदलला. कुणासाठी, देव जाणे."

बाईंनी कार्डाची कड अंगठ्याने दाबली. बोलायचे ते वाक्य त्यांनी वाटेत तीनदा जुळवले होते. ते आले नाही. जे आले ते एकतीस वर्षांच्या सवयीतून आले.

"दादा, तुमच्याकडे आत्ता तापमान किती आहे?"



"कुठलं सांगू?" दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर सोपे झाले असते. "ग्राह्य, की भिंतीवरचं?"

ते पत्र नानांना वाचून कुणी दाखवले असेल, हा प्रश्न बाईंना तेहतीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. नानांना तेव्हा मोतीबिंदू होता. त्या सात ओळी त्यांनी डोळे कार्डाला टेकवून लिहिल्या असतील.

"भिंतीवरचं," बाई म्हणाल्या.

"आहे अजून. काढला नाही मी." खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. "थांब, चष्मा घेतो. माडीवर जायचंय, वेळ लागेल. फोन ठेवू नकोस."

"नाही ठेवत."

पावले दूर गेली. मग लाकडी जिन्यावर ती एकेक करून वाजू लागली. प्रत्येक पायरीवर थोडी विश्रांती. बाईंनी धाकट्याचा कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आजची तारीख घातली, तीनचा ठोका पडल्यावर तिच्यापुढे 'दुपारी ३' असे लिहिले, आणि पुढची जागा मोकळी ठेवून त्या पायऱ्या मोजत राहिल्या.