लाल बुडाची मेणबत्ती

साल २०२२. मे महिन्यातल्या लाँग वीकेंडच्या शनिवारी, दुपारी एकच्या सुमारास ऑन्टारियोत जे वादळ आलं, ते वॉनमधल्या माणसांना अजून आठवतं. पाच-सात मिनिटांचा खेळ. पण तेवढ्यात मोठमोठी झाडं मुळासकट आडवी झाली, कुणाचं ट्रॅम्पोलिन कुणाच्या छपरावर जाऊन बसलं, आणि सुझानच्या गल्लीतली वीज गेली ती मंगळवारी परत आली.

सुझान मूळची वसईच्या नंदाखालची, तेव्हा एकाहत्तर वर्षांची. काही फेकून द्यायचं नाही हे तिच्या हाडात होतं. मेणबत्त्यांची उरलेली थोटकं ती वर्षभर साठवायची, वितळवायची, आणि पेपर टॉवेलच्या पुठ्ठ्याच्या नळीत ओतून नव्या मेणबत्त्या करायची. नाताळातलं लाल मेण थोडं, चर्चमधलं पांढरं जास्त. म्हणून आधी तळाला दोन बोटं लाल ओतायचं, ते थिजलं की वर पांढरं. अशा वीसेक मेणबत्त्या बेसमेंटमध्ये पडून होत्या. वीज गेल्याबरोबर तिने त्या परडीत घातल्या आणि घरोघर वाटून आली.

"कामाला आल्या एकदाच्या," तिचा नवरा हेरॉल्ड म्हणाला. "मला वाटलं होतं, त्या आपल्या दोघांच्या फ्युनरललाच पेटणार."

त्यातली एक मेणबत्ती शेजारच्या तुर्गुतकडे गेली, आणि तिथेच घोळ झाला.

तुर्गुत कोण, हे आधी सांगायला हवं. तुर्कस्तानातल्या तोकातकडच्या एका गिरणीवाल्याचा हा मुलगा. दहाव्या वर्षी पोतं उचलता उचलता त्याने गिरणीच्या दाराची चौकटच उचलून आणली, तेव्हा बापाने त्याला तालमीत घातलं. पुढे फ्रीस्टाइल कुस्तीत तो सात वेळा देशाचा हेवीवेट चॅम्पियन झाला, एकदा युरोपचा. विमानात त्याला दोन सीट लागत. त्याच्या गावात त्याच्या नावाचा पाणवठा होता आणि त्याच्या नावाचा बैलही होता. आणि मग १९९८ साली, चौतिसाव्या वर्षी, एका मोठ्या स्पर्धेच्या फायनलमध्ये गुण तीन-तीन असे बरोबरीत असताना स्टेडियमचं छप्पर गळायला लागलं. मॅट भिजली. पंचांनी कुस्ती थांबवली आणि सांगितलं, "बाकीची नंतर. बोलावणं पाठवू."

ते बोलावणं चोवीस वर्षं आलं नव्हतं.

समोरचा पैलवान घरी गेला, त्याने हॉटेल काढलं. कुस्ती फेडरेशनचे तीन अध्यक्ष बदलले. तुर्गुत कॅनडातल्या एका क्लबात कोच म्हणून आला, तो क्लब बंद पडला, मग तो वॉनच्या एका वेअरहाउसमध्ये लागला. पण घर बदललं की फेडरेशनला नवा पत्ता कळवायचा, आणि वजन हेवीवेटच्या मर्यादेत ठेवायचं, हे व्रत सुटलं नाही. कुस्ती अडली तेव्हा मर्यादा एकशेतीस किलोची होती. मग ती एकशेवीस झाली. त्याच्या बायकोने, नेरमिनने, भाकरी मोजून देऊन त्याचे दहा किलो उतरवले. बारा वर्षांनी मर्यादा एकशेपंचवीस झाली. तिने पाच परत चढवले. रोज सकाळी तो वेअरहाउसच्या माल मोजायच्या काट्यावर उभा राहून आकडा भिंतीवर लिहायचा. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी!

फ्रीस्टाइलवाला पैलवान निवृत्त होतो तो शेवटच्या कुस्तीनंतर मॅटच्या मधोमध आपले बूट सोडून. तुर्गुतची शेवटची कुस्ती संपलीच नव्हती, मग बूट सोडणार कसे?

रविवारी सकाळी सुझानच्या दाराशी तो काळा सूट घालून उभा राहिला. मागे नेरमिन. त्याच्या तळहातावर ती मेणबत्ती, न पेटवलेली.

"मॅडम, ही तुम्ही पाठवली?"

"हो. अजून हवी का?"

"नको. एक पुरे." त्याने मान लववली. "मी आलो. कधी? कुठे? कुणाशी?"

सुझानला काही उमगेना. तेव्हा नेरमिन पुढे झाली. ती सुझानला 'अब्ला' म्हणायची, म्हणजे ताई. ती हळू आवाजात म्हणाली, "अब्ला, आमच्या मुलखात कुस्तीचं आमंत्रण कागदावर जात नाही. जुनी रीत आहे. बुडाला लाल असलेली मेणबत्ती पाठवतात. पाठवणारा तो आगा. यजमान. आखाडा त्याचा, जेवण त्याचं, समोरचा पैलवान त्याने द्यायचा."

सुझान सांगणार होती, की अहो, उजेड पडावा म्हणून दिली ती. शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात तुर्गुतच्या रुंद पाठीआडून नेरमिनने दोन्ही हात जोडले.

त्या हातांचा अर्थ सुझानला पक्का माहीत होता. नऊ वर्षं रोज दुपारी चार वाजता दोघी कुंपणाशी चहा प्यायच्या. सुझानची मुलगी मेलनी वॉटर्लूला, तिच्या कामात, हेरॉल्ड टीव्हीसमोर. दिवसभरात मनापासून बोलणं व्हायचं ते नेरमिनशीच. आणि नेरमिनचं एकच गाऱ्हाणं होतं. विंडसरला तिच्या मुलीला नुकतीच जुळी झाली होती, आईबापांसाठी वरची खोली तर सहा वर्षांपासून तयार होती, आणि हा माणूस हलत नव्हता. म्हणायचा, "बोलावणं या पत्त्यावर येणार आहे."

कुस्ती झाली तर नेरमिन सुटेल. आणि सुटली की जाईल. सुझानने दाराची कडी धरून ठेवली.

"पुढच्या महिन्यात," ती म्हणाली. "रविवारी, चर्चमधल्या मासनंतर. आमच्या बेसमेंटमध्ये."

"आणि समोर कोण?"

तिच्या ओळखीत त्या वजनाचा एकच माणूस होता. "फ्रेडी," ती म्हणाली.

दार लागल्यावर हेरॉल्डने टीव्ही बंद केला. वीज नव्हतीच, पण त्याने रिमोटचं बटण दाबलं. "लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, आणि तू आगा आहेस हे मला आज कळतंय."

फ्रेडी म्हणजे सुझानच्या बहिणीचा मुलगा. चव्वेचाळीस वर्षांचा, एकशे एकतीस किलोचा, चर्चच्या कॉयरमध्ये कीबोर्ड वाजवणारा. आयुष्यात त्याने कुणाला ढकललं असेल तर ग्रोसरीच्या ट्रॉलीला.

"मावशी, आर यू सीरियस? तो युरोपचा चॅम्पियन आहे! माझा लेफ्ट नी बघ."

"तुला लढायचं नाही रे. नुसतं पडायचं."

"पडायला एकशे एकतीस चालणार नाही का?"

नाही चालणार, हे बळवंतरावांनी ठरवलं. हे मिरजेकडचे, मागच्या गल्लीत मुलाकडे राहायचे. तरुणपणी मातीत कुस्त्या केलेल्या. सगळ्या वस्तीत या प्रकारात काही वावगं न वाटलेले तेच एक. सुझानने पंच व्हाल का विचारलं तर म्हणाले, "सुझानताई, पैलवानाचं बोलावणं आलंय म्हटल्यावर वजनं झालीच पाहिजेत. एकशेपंचवीसच्या वर एक ग्रॅम चालायचा नाही. नारळ मी आणतो."

तीन आठवडे फ्रेडीने उकडलेली कोबी खाल्ली. कॉयरमध्ये वाजवता वाजवता त्याचे डोळे मिटायचे. वजनाच्या दिवशी दोघांना वेअरहाउसच्या काट्यावर उभं केलं. तुर्गुत एकशेचोवीस. फ्रेडी एकशेपंचवीस किलो दोनशे ग्रॅम. फ्रेडीने चष्मा काढला, अंगठी काढली, गळ्यातला क्रूस काढून मावशीच्या हातात दिला, आणि शेवटी बळवंतरावांनी त्याला बाजूला नेऊन त्याची दाढी भादरली. एकशेपंचवीस भरलं.

"दाढी दोनशे ग्रॅमची होती?" हेरॉल्डने विचारलं.

"लघवीलाबी जाऊन आला हुता त्यो," बळवंतराव गंभीरपणे म्हणाले.

रविवारी मासनंतर सगळे बेसमेंटमध्ये उतरले. हेरॉल्डने कार्पेटवर मास्किंग टेप चिकटवून गोल आखला होता. खरा गोल नऊ मीटरचा असतो. यांचा एका बाजूला वॉटर हीटर आणि दुसऱ्या बाजूला ख्रिसमस ट्रीचं खोकं, यांच्यामध्ये जेमतेम चार मीटर. छत इतकं खाली, की तुर्गुतला मान वाकवून उभं राहावं लागलं. त्याच्या पायांत ते जुने लाल बूट होते, चोवीस वर्षं जपलेले. मेणबत्ती हीटरवर पेटवून ठेवली. बळवंतरावांनी लाँड्री सिंकच्या कडेवर नारळ फोडला आणि शिट्टी वाजवली.

फ्रेडी लगेच आडवा झाला.

तुर्गुतने त्याला हातही लावला नव्हता. तो खाली बघत राहिला. मग त्याने फ्रेडीला काखेत धरून उभं केलं. "पुन्हा."

शिट्टी. फ्रेडी पुन्हा आडवा, या वेळी "आई गं" म्हणून. तिसऱ्यांदा तर शिट्टी वाजायच्या आधीच त्याने पडायला सुरुवात केली.

तुर्गुत ताठ झाला, त्याचं डोकं छताला आपटलं, तेही त्याच्या लक्षात आलं नाही. "ही कुस्ती नाही," तो म्हणाला. "समोर पैलवान नाही, तर मेणबत्ती खोटी." आणि त्याने कोपऱ्यातली बॅग उचलली.

नेरमिन जिन्याच्या पायरीवर बसली होती. तिने डोळे मिटून घेतले.

सुझानने काही करायची गरज नव्हती. गप्प बसली असती तर उद्या चार वाजता कुंपणाशी चहा झाला असता, परवाही झाला असता. पण गुडघे दुखत असताना ती जिना चढून वर किचनमध्ये गेली आणि जेवणासाठी झाकून ठेवलेल्यातलं एक ताट भरून आणलं. ताजे फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, आणि डुकराचं इंद्याल, तिच्या आईच्या बाटलीमसाल्यातलं, दोन दिवस मुरलेलं. ते तिने तुर्गुतच्या मागे, टेपच्या गोलाबाहेर, खोक्यावर ठेवलं आणि झाकण काढलं.

"फ्रेडी," ती म्हणाली, "हे तुझं. पण वाटेत पैलवान उभा आहे."

वास पसरला. फ्रेडीने मान वर केली. तीन आठवड्यांची कोबी त्याच्या चेहऱ्यावर दिसली. "बळवंतकाका," तो म्हणाला, "शिट्टी वाजवा."

शिट्टी वाजली आणि फ्रेडी सुटला. डोकं खाली, हात पुढे, आणि तोंडाने कसलासा आवाज, जो कॉयरमध्ये कुणी कधी ऐकला नव्हता. तुर्गुतने बॅग टाकली, पण तेवढ्यात एकशेपंचवीस किलोचा उपाशी माणूस त्याच्या पोटात घुसला होता. तो एक पाऊल मागे सरला. दुसरं पाऊल. तिसरं पाऊल टेपच्या बाहेर पडलं.

"भायेर!" बळवंतराव ओरडले. "एक पॉईंट, फ्रेडी!"

तुर्गुतने आपल्या बाहेर गेलेल्या पायाकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा असा काही उजळला, की नेरमिनने नंतर सांगितलं, लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्हता उजळला.

"शाबास," तो फ्रेडीला म्हणाला. "आता कुस्ती."

पुढचं सगळं नऊ सेकंदांत झालं. फ्रेडी पुन्हा ताटाकडे झेपावला, तुर्गुत बाजूला झाला, खाली वाकला, आणि त्याने फ्रेडीची मान आणि एक गुडघा असे एकत्र आवळले, की त्याचं सरपणाचं बोचकं झालं.

"मोळी!" बळवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, ही आमच्या मिरजेची मोळी बांधली की त्यांनी!"

फ्रेडीची पाठ कार्पेटला लागली. त्याने हार मानायला हात वर केला, आणि त्या हाताला ताट लागलं, म्हणून त्याने एक फुगाही उचलला.

तुर्गुत गोलाच्या मधोमध जाऊन बसला. बूट सोडायला वाकला, पण दर वर्षी वरून नवी गाठ मारून मारून नाड्यांचा दगड झाला होता. नेरमिन पायरीवरून उठली, त्याच्यासमोर जमिनीवर बसली, आणि दातांनी एकेक गाठ सोडवू लागली. बराच वेळ लागला. फक्त फ्रेडीच्या चावण्याचा आवाज येत होता.

बूट सुटले. तुर्गुतने ते शेजारी शेजारी नीट ठेवले, त्यांच्यावर हात ठेवला, आणि मोज्यांनी जिना चढून वर जेवायला गेला. त्या दिवशी त्याच्यासाठी केलेली मटणाची आख्खी कढई त्याने एकट्याने संपवली. नेरमिनने मोजलं नाही.

संध्याकाळी सुझान बूट पिशवीत घालायला खाली गेली, तर तो मागोमाग आला. "नाही, आगा. बूट आखाड्यात राहतात."

"किती दिवस?"

"नेहमी," तो म्हणाला.

ऑगस्टमध्ये ती दोघं विंडसरला गेली. निघताना नेरमिनने कुंपणावरची आपली कपबशी सुझानकडे ठेवली आणि कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

तुर्गुत आता एकशे एक्केचाळीस किलोचा आहे. नदीकाठी जुळ्यांची डबल स्ट्रोलर ढकलतो आणि दिसेल त्याला सांगतो, की आपली शेवटची कुस्ती अवघड होती. नेरमिन रोज चार वाजता व्हिडिओ कॉल करते. सुझान फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते आणि दोघी चहा पितात. फ्रेडीने उतरवलेले सहा किलो परत मिळवले, वर पाच आणखी. युरोपच्या चॅम्पियनवर आपण एक पॉईंट घेतला, असं तो कॉयरमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगतो, आणि ते खरंच आहे. बळवंतराव दोन वर्षांनी मिरजेला परत गेले आणि तिथेच वारले. कॅनडात आपण पंच होतो, यावर गावात शेवटपर्यंत कुणाचा विश्वास बसला नाही.

हेरॉल्डने बुटांभोवती लाकडाचा बुटका कठडा केला आहे. लाँड्रीला जाताना दोघंही त्याला वळसा घालून जातात. घर विकून वॉटर्लूला आमच्याजवळ कॉन्डो घ्या, असं मेलनी दर नाताळात म्हणते. सुझान म्हणते, "बूट हलत नाहीत, बाई. मी कशी हलू?"

मागच्या वर्षी शेजारचे नवे भाडेकरू एक पाकीट घेऊन आले. तुर्गुतच्या नावचं, फेडरेशनचा शिक्का असलेलं, पातळसं. सुझानने ते उजेडासमोर धरून पाहिलं, पण उघडलं नाही. खाली जाऊन तिने ते डाव्या बुटात, पार टोकापर्यंत सरकवून ठेवलं.

"जुन्या पत्त्यावर काही आलं का ग अब्ला?" त्या दिवशी चार वाजता नेरमिनने विचारलं. मागे जुळी आजोबांच्या पाठीवर चढत होती.

"छे," सुझान म्हणाली. "पिझ्झाचे फ्लायर्स." आणि तिने चहा ओतला.